अव्वाचं नाव काय होतं?

पत्र

ताई, आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यातले. आडनाव 'वार'वर संपणारं, समाज पद्मशाली, विणकरांचा. पणजोबा-पणजी तेलंगणातून, करीमनगरकडून इथे आले. पुढच्या वर्षी त्याला शंभर वर्षं होतात. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, सगळे गावात जमतातच, तेव्हा घरासमोर संगमरवरी पाटी बसवायची असं मोठ्या काकांनी ठरवलंय. मजकूरही तयार आहे. पणजोबांच्या नावाखाली लिहायचं, 'यांनी 1927 साली रेल्वेने येऊन या गावी पाऊल ठेवले. 1936 साली महात्मा गांधींना स्वहस्ते विणलेला पंचा अर्पण केला. 1951 साली साडेतीन एकर जमीन घेऊन घराण्याचा पाया रचला.' पणजोबांचा फोटो कुठेच नाही, म्हणून पुण्याच्या चुलतभावाने एआयवर एक बनवून पाठवला. भरघोस मिशा, फेटा, मागे हातमाग. काकांना फार आवडला. मी विचारलं, पणजीचं काय? तर म्हणाले, तिचं नावच कोणाला माहीत नाही, सगळे अव्वा म्हणायचे, 'व धर्मपत्नी' लिहू. मला खटकलं, पण भांडण नको म्हणून गप्प बसले.

हे सगळं आजीला ठाऊक असायचं, पण ती गेल्या वर्षी गेली. आजोबा पाचवीत असताना पणजोबा वारले आणि आजोबांची शाळा सुटली, हे ती नेहमी सांगायची. आजोबांच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जुलै 1932 आहे. आजोबांची धाकटी बहीण आसिफाबादकडे दिलेली, ऐंशीच्या पुढे आहे, कमी ऐकू येतं. आम्हाला तेलुगू येत नाही, संक्रांतीला सकिनालू, तांदळाच्या पिठाची तळलेली वेटोळी, तेवढे करतो. ओसरीतला माग कधीच मोडला. त्याचं लाकूड घरामागच्या सांदवाडीत पडलंय, ते काका जाळायला काढतायत. आणि एक. पंचायतीच्या निवडणुकीत माझ्या भावाला एकजण म्हणाला, 'तुम्ही बाहेरचे.' त्याला काय उत्तर द्यायचं तेही सुचलं नाही. मी काय करू?

उत्तर

पोरी,

'तिचं नावच कोणाला माहीत नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग थोडी खाली आले तर तिथे आसिफाबादची आत्याआजी बसलेली! अगं, ती अव्वाची पोटची लेक आहे. पाटीची बैठक बसली तेव्हा तिला कोणी फोन लावला का? 'कोणाला' म्हणजे ओसरीत खुर्च्या टाकून बसलेल्या चार पुरुषांना. कमी ऐकू येणाऱ्या बाईला कमी आठवतं असं तुमच्या घरात धरून चालतात वाटतं.

मी तुला हसत नाही. माझ्या आजीला आम्ही सगळे माय म्हणायचो. तिचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते तिच्या तेरवीच्या पत्रिकेवर. पंधरा वर्षांची होते. छापखान्याने चुकून दुसऱ्या कोणाची पत्रिका दिली असंच वाटलं मला.

आणि हे काही आपल्या दोन घरांपुरतं नाही. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदार याद्या केल्या तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले की स्वतःच्या नावाशिवाय नोंद चालणार नाही. शेवटी जवळजवळ 28 लाख बायकांच्या नोंदी यादीतून काढाव्या लागल्या. तेव्हा काकांवर एकट्यावर राग धरू नकोस. ते एका फार जुन्या सवयीतून बोलतायत.

आता जरा कागद-पेन्सिल घे. आजोबांचा जन्म 1932 चा. (1 जुलै ही तारीख गुरुजींनी दिलेली असणार. आपल्याकडची अर्धी पिढी 1 जुलैला जन्मली आहे. वर्षही एखाद-दोन इकडेतिकडे धर.) पाचवीत म्हणजे दहा-अकरा वर्षांचे. म्हणजे पणजोबा वारले ते 1943 च्या आसपास. मग 1951 साली साडेतीन एकर जमीन कोणी घेतली? पाटीवर ज्यांनी घेतली असं लिहिलंय त्यांना जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती!

काकांनी हा हिशेब केलेला दिसत नाही. तुझ्या आजीने मात्र तुझ्या हातात तो देऊन ठेवला होता. शाळा सुटल्याची गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची ती उगाच नाही. सासरा लवकर गेला, घर सासूने ओढलं, हे तिला सांगायचं असेल. सासूचं कौतुक सरळ तोंडाने करायची आपल्याकडच्या सुनांना सवय नसते, ते असं आडून येतं.

पणजोबा गेले तो काळही बघ. महायुद्ध चालू होतं, सुताची टंचाई होती, सूत आणि कापडावर सरकारी नियंत्रण आलं ते 1943 सालीच. घरात मागावर बसणारा माणूस नाही, बाजारात सूत नाही, पदरात दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणि एक तान्ही नाहीतर रांगती पोर. गाव परक्या भाषेचं. त्या बाईने नंतरच्या आठ वर्षांत काय केलं आणि त्याच्या शेवटी घराला साडेतीन एकर धानाची जमीन कशी आली, ही तुमच्या घराण्याची खरी गोष्ट आहे. ती पाटीवर 'व धर्मपत्नी' होऊन बसणार असेल तर पाटी न बसवलेली बरी.

आणि पणजोबा होते तेव्हासुद्धा ते एकटे विणत नव्हते. खड्डामाग बघितला आहेस का कधी? माणूस खड्ड्यात पाय सोडून बसतो, धोटा फेकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं कापड हाच विणतोय. त्याआधी सुताला खळ लावणं, ताणा पसरणं, कांड्या भरून देणं हे सगळं बायका-पोरांनी केलेलं असतं. कांड्या भरणारी उठून गेली की धोटा थांबला. म्हणून 'स्वहस्ते विणलेला' हा शब्द वाचून मला जरा हसू आलं. हात किमान चार होते.

आता नाव शोधायचं कसं. पहिला रस्ता आत्याआजीचा, त्याकडे शेवटी येते. दुसरा रस्ता तहसील कचेरीचा. आपल्याकडे 1954-55 चे अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या नोंदी, आहेत, त्यांची नक्कल मिळते. गट नंबर जुना-नवा लावून घ्यायला तलाठ्याकडे एक-दोन चकरा होतील, होऊ दे. 31 मार्च 1951 ला मालगुजारी, म्हणजे आपल्याकडची जमीनदारी, संपली आणि जमिनींच्या कागदांत मोठी उलथापालथ झाली. काकांच्या मजकुरातलं 1951 तिथूनच आलं असावं, म्हणजे घरात कुठेतरी कागद आहे. त्या नोंदींत बाप सांगायला 'वल्द' येतं, नवरा सांगायला 'जौजे', आणि नवरा गेला असेल तर 'बेवा'. अमकी बेवा तमका. आयुष्यभर जिचं नाव कोणी घेतलं नाही ती नवरा गेल्यावर पटवाऱ्याच्या वहीत पहिल्यांदा स्वतःच्या नावाने उभी राहते. तू 'बेवा' शोध. कदाचित तिथे थेट आजोबांचं नाव असेल, तेव्हा ते बाविशीचे होते. पण जुन्या फेरफारात ती कुठेतरी येऊन गेली असण्याचा संभव आहे. कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही बघ, पणजोबांचं मूळ गाव तिथे लागलं तर लागेल.

नाव सापडलं तरी लगेच दगडावर कोरू नकोस. पटवाऱ्याला तेलुगू नाव ऐकू आलं की तो त्याला मराठी लुगडं नेसवायचा. लच्चव्वाची लक्ष्मीबाई व्हायला कितीसा वेळ लागतो? म्हणून कागदावरचं नाव आत्याआजीच्या तोंडून तपासून घे.

तुमच्या आडनावाचंही थोडं असंच झालंय. तेलुगूत घराण्याचं नाव, ते ज्याला इंटिपेरु म्हणतात, माणसाच्या नावाच्या आधी लागतं. 'वारु' म्हणजे त्या घरची मंडळी, आदराने. इकडे आल्यावर ते मराठी पद्धतीने मागे गेलं आणि 'वार' होऊन चिकटलं. 'वार' काढून टाक, जे उरेल ते तुमचं इंटिपेरु. पुष्कळदा ते एखाद्या गावाचं नाव निघतं. तेवढा धागा घेऊन करीमनगरकडे विचारता येईल. तिकडचे जुने सरकारी कागद निजामाच्या राज्यातले, म्हणजे उर्दूत, हे मात्र लक्षात ठेव. उर्दू वाचणारा माणूस आधी शोध, मग प्रवासाला निघ.

काकांच्या बाकी दोन ओळींचं. काझीपेठ ते बल्लारशाह रूळ पुरा जोडला गेला तो 1920 च्या दशकाच्या अगदी शेवटी. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस त्यावरून 1929 पासून धावू लागली. म्हणजे एक तर तुमचं 1927 साल थोडं मागे-पुढे आहे, नाहीतर वाट अर्धी गाडीने आणि अर्धी पायी किंवा बैलबंडीने झाली. 'सुमारे 1927' लिहा आणि रेल्वे गाळा. पायी आलेल्या पूर्वजांची लाज वाटते का तुमच्या घरात?

गांधीजींचं मात्र खोटं म्हणवत नाही मला. 1936 साली फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात गांधी सेवा संघाचं अधिवेशन तुमच्या सावलीलाच झालं, गांधीजी स्वतः हजर होते. ते शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले त्याच्या दोन महिने आधीची ही गोष्ट. सावली खादीचं गाव. तिथल्या विणकराने पंचा दिला असेल, का नसेल दिला! अर्थात, त्या आठवड्यात गांधीजींना जितके पंचे मिळाल्याचं आपल्या भागात सांगतात ते सगळे खरे असतील तर त्यांना परत जायला मालगाडी लागली असती. ही गोष्ट दगडावर नको, वहीत लिही. 'आजी सांगायची की' असं सुरू कर आणि आजीच्या शब्दांत पुरी कर. 'आजी सांगायची' हे दोन शब्द मागे असले की गोष्टीला कोणी खोटं म्हणत नाही आणि तुलाही छातीवर हात ठेवून खरं म्हणावं लागत नाही.

फोटोवर मी कडक बोलणार आहे, चुलतभावाला वाचून दाखव हवं तर. तो फोटो लावू नका. आज सगळ्यांना ठाऊक आहे की तो यंत्राने काढलाय. वीस वर्षांनी तुझ्या मुलांना तो ठाऊक असेल फक्त पणजोबांचा फोटो म्हणून. कोणीतरी म्हणेल, 'बाळाचं नाक अगदी त्यांच्यावर गेलंय.' कोणाच्या नाकावर? ज्या माणसाने आयुष्यात कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेलं नाही त्याला परक्याचा चेहरा चिकटवून हार घालायचा, हा आदर कसला? चेहरा नाही तर नसू दे. भिंतीवर काहीतरी हवंच असेल तर सांदवाडीतल्या त्या लाकडाकडे बघ.

लाकूड सगळं ठेवायची गरज नाही, वाळवीने खाल्लेलं काका जाळोत. फणी, धोटा आणि हात लागून गुळगुळीत झालेला एखादा दांडा निघाला तर तेवढं उचलून घरात आण. आजच आण, पत्र वाचून झाल्यावर. चूल कोणाची वाट बघत नाही. ओसरीत मागाचा खड्डा कुठे होता तेही कोणाला आठवतंय का विचार. माती भरून बुजवला तरी पावसाळ्यात अशा जागी ओल धरते, सारवताना बाईच्या हाताला कळतं.

तुझ्या भावाला 'बाहेरचे' म्हणणाऱ्याचं काय करायचं? फार काही नाही. 'हो, शंभर वर्षांपूर्वी आलो, तुमचे कधी आले?' एवढं हसत विचारायचं. आपल्या झाडीपट्टीत या प्रश्नाने भलेभले गप्प होतात. ज्यांनी बांधलेल्या तलावांवर आपला धान पिकतो ते कोहळी लोकसुद्धा गोंड राजांच्या काळात उत्तरेकडून आल्याचं सांगतात. आणि सीमांचं तर विचारूच नकोस. वर्धा नदीपलीकडचं राजुरा 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं, मग तीन वर्षं नांदेडात, आणि 1959 पासून आपल्या जिल्ह्यात. तिथली माणसं घराच्या ओट्यावरून न उठता तीन जिल्हे फिरली. तुमच्या सावलीसमोरची वैनगंगा ओलांडली की गडचिरोली, 1982 पर्यंत तोही आपलाच जिल्हा. त्याच नदीच्या काठी पुढे मार्कंडा. पद्मशाली ज्या मार्कंडेय ऋषीला आपला मूळपुरुष मानतात त्याच्या नावाचं देऊळ इथे आधीपासून उभं होतं, शिवरात्रीला जत्रा भरत होती. तुझ्या पणजी-पणजोबांनी मुक्काम टाकला तेव्हा त्यांना हे ठिकाण अगदीच परकं वाटलं नसेल असं मला आपलं वाटतं.

आता काका. त्यांच्याशी भांडू नकोस, 'तुमचं साल चुकलं' असं चारचौघांत तर मुळीच म्हणू नकोस. पाटीचा खर्च ते करतायत, पूर्वजांची आठवण त्यांनाच आधी झाली, हे मान. नक्कल मिळाली की एकटे असताना त्यांच्यापुढे ठेव आणि म्हण, 'काका, यातलं मला काही समजत नाही, जरा बघता का?' शिक्का असलेल्या कागदावर आपल्या पुरुषांचा फार विश्वास. 1951 आणि 1943 त्यांचं ते शेजारी ठेवतील. त्यांनी स्वतःच 'अरे, हे तर अव्वाने केलं' असं म्हटलं की पाटी आपोआप बदलेल. वर दोघांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत, खाली मूळ गाव, 'सुमारे 1927', बस. दगडावर जितकं कमी लिहाल तितकं कमी खोटं पडेल. एवढं करूनही काका नाहीच ऐकले तर पाटी त्यांच्या मनासारखी होऊ दे. तू वही लिही. पाटीवरची अक्षरं दहा पावसाळ्यांत पुसट होतात, शेणाचे हात लागतात, पोरं तिला टेकून सायकली लावतात.

राहिली आत्याआजी. मंडईची वाट बघू नकोस, ऐंशीच्या पुढच्या माणसाकडे जायला मुहूर्त काढत नाहीत. पंधरा दिवसांत निघ. 'जुन्या आठवणी सांगा' म्हणून समोर मोबाइल धरलास तर ती 'काय सांगू बाई, गरिबी होती' एवढं बोलून डोळे पुसेल. त्यापेक्षा तांदळाचं पीठ, तीळ आणि ओवा घेऊन जा. संक्रांत नसली तरी काय झालं. म्हण, आमचे सकिनालू तुटतात, पिठाची वेटोळी नीट पडत नाहीत, दाखव ना. कापड पसरून ती पीठ फिरवायला बसली की हात अव्वाचे होतील. मोबाइल तेव्हा चालू कर आणि बाजूला ठेव. प्रश्न छोटे विचार. अव्वा सकाळी उठून आधी काय करायची? पीठ कुठे दळायची? बाबा गेल्यावर मागावर कोण बसलं? धानाच्या रोवणीला जायची का ती? भांडायची कोणाशी? मध्येच आत्याआजी तेलुगूत घसरेल. तिला थांबवू नकोस, मराठीत सांग म्हणू नकोस. तिची सून शेजारी असू दे, ती नंतर अर्थ सांगेल. मोठ्याने बोलायला लागेल तेही सुनेलाच बोलू दे, तिचा आवाज आत्याआजीला सवयीचा आहे.

नाव सगळ्यात शेवटी विचार. पहिल्यांदा ती लाजेल, आईचं नाव असं कसं घ्यायचं म्हणेल. पुन्हा विचार.

कळलं की मलाही लिही. उच्चार नीट ऐकून लिही, पटवाऱ्यासारखा नको.